जांभोरीचे होनाजी केंगले : एक गुन्हा, एक कायदा

पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. कायद्याचा विद्यार्थी ही व्याख्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच पाठ करतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती ३९१ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३१० व्या कलमात आली. कलमाचा आकडा बदलला; पाच माणसांची अट मात्र तशीच राहिली. ही पाच माणसे एकत्र का आली, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सहसा विचारला जात नाही. तो गुन्हेगारीशास्त्राचा प्रांत. विद्यापीठांमध्ये हे दोन विषय शेजारी-शेजारी बसतात, पण कायद्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला दुसरा विषय एखाद्या ऐच्छिक प्रश्नपत्रिकेपुरताच येतो. दोन्हींचा अभ्यास एकत्र करावयाचा, तर पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला एक चरित्र वाट पाहत आहे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. भीमाशंकरच्या रानापर्यंत गेले तरी पुरे.

आंबेगाव तालुक्यातील जांभोरी या गावचे होनाजी भागोजी केंगले १८७३ ते १८७६ या काळात पुणे, नगर, नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात सावकारांचा कर्दनकाळ ठरले. सरकारी कागदपत्रांत त्यांची नोंद होन्या केंग्लिया अशी आहे. तंट्या, होन्या, रघ्या अशी नावे इंग्रज अंमलदारांनी गावच्या तोंडी जशी ऐकली तशी लिहून घेतली आणि तीच इतिहासात रुजली. महादेव कोळी समाजात मात्र त्यांचे नाव आजही आदराने होनाजी असेच घेतले जाते. एकाच माणसाची ही दोन नावे, दोन निकालपत्रांसारखी.

किल्ल्यावरून खाली

होनाजी कोणत्या समाजात जन्मले, हे समजल्याखेरीज त्यांच्या हातून काय घडले ते समजत नाही. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथा. नाणेघाट, माळशेज, आहुपे या वाटांनी घाटमाथा कोकणाशी जोडलेला. या वाटांची राखण, गडांवरील पहारा आणि रानातील वाटसरूंची सोबत ही महादेव कोळ्यांची पिढीजात कामे. त्यांच्या नाईकांना त्यासाठी वतने आणि नेमणुका होत्या. राज्ये बदलली, तरी घाटाचा पहारेकरी सहसा बदलत नसे. सत्तेशी त्यांचे पटले नाही तेव्हा संघर्षही झाला. मोगल अमलात, १६५७ च्या सुमारास, जुन्नर परिसरातील कोळ्यांचे बंड अतिशय क्रूरपणे मोडण्यात आले. शिवनेरीवरचा चौथरा त्या कत्तलीची आठवण म्हणून आजही दाखविला जातो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि गडांचे महत्त्व एका फटक्यात संपले. इंग्रजांनी किल्ल्यांवरील शिबंदी कमी केली. तनखे आणि हक्क आटले. ज्या माणसांकडे शस्त्र चालविण्याची परंपरा होती, रानाची खडान्‌खडा माहिती होती आणि समाजात मान होता, त्यांच्याकडे उरले ते नाचणी-वरईचे उतारावरचे तुकडे. १८२० नंतरच्या दशकात रामा किरवा उठला. त्याला पकडून फाशी देण्यात आली. १८४४ नंतर अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सावकारांवरचा राग राघोजींच्या बंडातही होता.

मध्यंतरी एक वेगळाच प्रयोग झाला. १८५७ चा वणवा पेटल्यावर इंग्रजांनी याच कोळ्यांची पलटण उभारली. कॅप्टन नटॉल हा तिचा प्रमुख होता. कालपर्यंत ज्यांना दरोडेखोर म्हटले, त्यांनाच गणवेश दिला आणि त्यांनी नगर-नाशिक भागात भिल्लांच्या बंडाविरुद्ध चोख कामगिरी बजावली. १८६१ मध्ये गरज संपताच पलटण मोडली. काही थोडे शिपाई पोलिसांत गेले, बाकीचे पुन्हा शेतावर आणि मजुरीवर परतले. पुढची बारा वर्षे या डोंगरात मोठा उपद्रव झाला नाही. मग १८७३ उजाडले.

गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबेल, आणि थांबावे. सबंध समाज गुन्हेगार असतो असे मानणारा कायदा, म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, नुकताच झाला होता. पुढे १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची कक्षा देशभर वाढली. जन्मानेच गुन्हेगारी येत असेल, तर १८६१ ते १८७३ ही शांत वर्षे कोठून आली? तीच माणसे, तेच डोंगर, तीच शस्त्रे. बदलला तो गावातला हिशेब.

खताचा हिशेब

हा हिशेब कसा चाले, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण होनाजींच्या बंडाचे मूळ कोणत्याही पोलिसी अहवालापेक्षा सावकाराच्या वहीत अधिक स्पष्ट दिसते.

पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्याला, लग्नाला, बैलाला किंवा सरकारी साऱ्याला पैसे लागत. शेतकरी सावकाराकडे जाई. सावकार खत लिहून घेई. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार बहुधा सावकाराच्या ओळखीचे, अंगठा कुणब्याचा किंवा कोळ्याचा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खताची मुदत तीन वर्षे ठरविली. हेतू चांगला होता : जुनीपुराणी कर्जे ऋणकोच्या मानगुटीवर कायमची बसू नयेत. घडले उलटे. मुदत संपण्याआधी सावकार दारात उभा राही आणि फिर्याद टाळावयाची तर नवे खत करून दे म्हणे. मागील व्याज मुद्दलात मिसळे आणि नव्या मुद्दलावर नवे व्याज सुरू होई.

उदाहरणादाखल मुद्दल ५० रुपये आणि व्याज वर्षाला शेकडा २५ धरू. तीन वर्षांत साध्या व्याजाने साडेसत्याऐंशी रुपये होतात. तेवढ्याचे नवे खत केले की सहाव्या वर्षी रक्कम १५३ वर जाते आणि नवव्या वर्षी २६८ वर. खत बदललेच नसते, तर नऊ वर्षांचे देणे साडेएकशेबासष्ट झाले असते. शंभराहून अधिक रुपयांचा हा फरक कोणी उसना दिलेला नव्हता. तो केवळ कागद बदलल्याने निर्माण झाला. मधल्या काळात धान्याच्या, तुपाच्या किंवा हिरड्याच्या रूपाने जी परतफेड होई, ती वहीत कोणत्या भावाने चढे आणि चढे की नाही, हे ज्याला अक्षर येत नाही त्याने कसे तपासावे?

त्यात दिवाणी न्यायालये आली. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने न्यायालयापुढे प्रश्न सोपा ठेवला : खत आहे का, त्यावर निशाणी आहे का? कर्ज कशापायी झाले, मूळ रक्कम किती, आजवर किती फिटली, या खोलात शिरण्याचे बंधन न्यायाधीशावर नव्हते. डोंगरातल्या वाडीवरून न्यायालयात जावयाचे म्हणजे पायी रानवाट, दोन-तीन दिवसांची मजुरी बुडालेली, वकिलाला द्यायला पैसा नाही. समन्स पोहोचलेच असे नाही. असंख्य दाव्यांत प्रतिवादी हजरच राहत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. त्यानंतर जप्ती; कर्जापायी तुरुंगवासही होऊ शके. पूर्वी गावाच्या पंचाईतीत सावकारालाही चार माणसांत मान खाली घालावी लागे. आता त्याच्या मागे सरकारचा बेलिफ उभा होता.

ही गोष्ट एकट्या आंबेगावची नव्हती. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच सुमारास सारावाढीची नवी आकारणी सुरू झाली. सपाटीवरचा शेतकरी या चक्रात सापडला. डोंगरातल्या कोळ्याने कापूस पाहिलाही नसेल. पण सावकाराची वही, मुदतीचा कायदा आणि न्यायालय सर्वांना एकच होते.

तीन वर्षांचा पाठलाग

१८७३ मध्ये होनाजींनी माणसे जमविली. गॅझेटियर त्यांना कोळ्यांतील वजनदार व्यक्ती म्हणून नोंदवितो आणि त्यांची टोळी चांगली कसलेली असल्याचे मान्य करतो. हल्ल्यांचा रोख सुरुवातीपासून ठरलेला होता : गावोगावचे सावकार. खोट्या हिशेबांनी आणि खतांनी ज्यांनी कोळ्यांना नाडले, त्यांची घरे लुटली जाऊ लागली. काहींची नाके कापण्यात आली.

या शेवटच्या गोष्टीवर चरित्रकारांनी पांघरूण घालू नये. नाक कापणे हे रागाच्या भरातले कृत्य नव्हते. त्याला त्या समाजात अर्थ होता. अब्रू ज्याने घेतली त्याची अब्रू चारचौघांत कायमची घ्यावयाची, अशी ती शिक्षा होती. न्यायालय ज्याला शिक्षा करीत नाही त्याला शिक्षा करणारे समांतर न्यायालय होनाजींनी रानात भरविले होते, असे म्हणता येईल. मात्र त्या न्यायालयात आरोपीला बाजू मांडण्याची सोय नव्हती, अपील तर नव्हतेच. दंड संहितेच्या ३२० व्या कलमात चेहरा कायमचा विद्रूप करणे ही गंभीर दुखापत मानली आहे, आणि ती दरोडा घालताना केली तर ३९७ व्या कलमाने सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देता येत नसे. कायद्याच्या दृष्टीने होनाजींच्या कृत्यांविषयी संदिग्धता अशी काही नव्हतीच.

बळी पडलेल्यांचाही विचार करावा लागतो. गावातला छोटा सावकार अनेकदा दूरच्या मारवाडातून आलेला, एका खोलीचे दुकान मांडून बसलेला असे. त्याच्या मागे मोठ्या पेठेतला बडा सावकार असे, ज्याच्याकडून तो स्वतः व्याजाने रक्कम आणी. नाक गेले ते दुकानातल्या माणसाचे. पेढीवरच्या माणसाला रानातले हे बंड फक्त कानावर आले. अन्यायाची साखळी लांब असली की सूड जवळच्या कडीवर उगवला जातो. होनाजींच्या बंडातही तसेच झाले आणि हे त्या बंडाचे मोठे वैगुण्य मानले पाहिजे.

१८७४ पर्यंत दहशत इतकी पसरली की डोंगराकाठच्या गावांतील मारवाडी सावकार घरेदारे सोडून निघून जाऊ लागले. सरकारने कर्नल स्कॉट आणि मुलकी सेवेतील डब्ल्यू. एफ. सिंक्लेअर यांच्या हाताखाली खास पोलीस तुकडी उभारली. होनाजींना पकडून देणाऱ्याला १,००० रुपयांचे, तर त्यांच्या साथीदारांसाठी माणशी २०० ते ६०० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. ज्या मुलखात पन्नास रुपयांच्या कर्जापायी जमीन जात होती, त्या मुलखात हजार रुपये म्हणजे काय, याचा अंदाज कोणालाही करता येईल. तरीही सुमारे दोन वर्षे होनाजी हाती लागले नाहीत.

का लागले नाहीत, याची कारणे त्या मुलखाकडे पाहिल्यावर कळतात. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा हा माथा ढगांत बुडालेला असतो. दहा हातांवरचे दिसत नाही. कड्यावरून कोकणात उतरले की जिल्हा बदलतो, पोलीस ठाणे बदलते आणि अंमलदारही बदलतो. जिल्ह्यांच्या सीमा बंडखोराला नेहमीच उपयोगी पडतात. पोलिसांना त्या अडवितात. पण केवळ भूगोलावर कोणी इतका काळ टिकत नाही. भाकरी, बातमी आणि रात्रीचा आसरा वाड्यावस्त्यांनीच द्यावा लागतो. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने १९५९ आणि १९६९ मधील आपल्या ग्रंथांत ज्याला सामाजिक दरोडेखोर म्हटले, त्याची मुख्य खूण हीच सांगितली : राज्य त्याला गुन्हेगार मानते, त्याचे गावकरी मानीत नाहीत. हॉब्सबॉमच्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तीतील बराच भाग रास्तही आहे. हजार रुपयांचे बक्षीस इतका काळ कुचकामी ठरावे, या वस्तुस्थितीला मात्र त्याच्या सिद्धान्ताइतके सरळ उत्तर दुसरे सापडत नाही.

पाठलाग करणाऱ्या सिंक्लेअरविषयी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. तो नुसता अंमलदार नव्हता. दख्खनमधील जातींवर त्याने याच काळात इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात टिपणे लिहिली. त्याच्याही आधी रामा किरव्याच्या मागावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने रामोशी आणि महादेव कोळी या दोन्ही समाजांवर विस्तृत वृत्तांत लिहून ठेवले होते. उमाजी नाईकांना पकडण्याच्या मोहिमेतही हाच मॅकिंटॉश होता. आपल्याकडे गुन्हेगारीचा अभ्यास असा सुरू झाला : पकडणाऱ्याच्या हाताने, पकडण्याच्या सोयीसाठी. त्या लेखनात रीतिरिवाज, कुळे, देवदेवस्की यांची माहिती मुबलक आहे. सावकाराच्या वहीला त्या मानाने पाने कमी मिळाली.

जुलै १८७६ मध्ये मेजर एच. डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने होनाजींना पकडले आणि तीन वर्षांचे बंड संपले.

त्याच वर्षी, हजारो मैल दूर इटलीत, चेझारे लोंब्रोझो या वैद्याचा गुन्हेगार माणसावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कवटीचा आकार, जबड्याची ठेवण, कानांची लांबी यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. नव्या शास्त्राचा पाया म्हणून तो ग्रंथ जगभर गाजला; गुन्हेगारीशास्त्र हे नाव मात्र राफाएल गारोफालो या कायदेपंडिताच्या १८८५ च्या ग्रंथाने रूढ केले. लोंब्रोझोचा सिद्धान्त पुढे साफ खोडला गेला. त्याच्या फुटपट्टीने होनाजींची कवटी मोजून काही हाती लागले नसते. पन्नासचे दोनशे अडुसष्ट कसे झाले, ते मोजणे अधिक उपयोगाचे होते, आणि आश्चर्य म्हणजे ते मोजण्याचे काम त्याच काळात पुणे जिल्ह्यात खरोखरच सुरू झाले होते.

आयोगाची वही

होनाजी रानात असतानाच सपाटीवर दुसरे काही घडत होते. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडले. गाव पेटले, पण शस्त्राने नव्हे. सावकारांवर बहिष्कार पडला. त्यांची शेती करावयाची नाही, पाणी भरावयाचे नाही, हजामत करावयाची नाही. हे लोण गावोगाव गेले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील आठवडी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि खते बाहेर काढून जाळली. खतफोडीचे बंड किंवा दख्खनचे दंगे म्हणून पुढे ओळखला गेलेला हा उठाव पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतील ३३ गावांत पसरला. ९५१ जणांना अटक झाली, त्यांपैकी ५०१ दोषी ठरले. जमावाचा राग माणसांवर फारसा निघाला नाही, तो कागदांवर निघाला. आणि खते मुकाट्याने हवाली केली तेथे बहुधा मारहाणही झाली नाही. रानातल्या बंडाने नाक कापले, सपाटीवरच्या बंडाने खत जाळले. दोहोंत दुसऱ्याला आजाराचे मूळ अधिक अचूक सापडले होते, असेच म्हणावे लागते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. जे. बी. रिची, ए. लायन, ऑकलंड कॉल्व्हिन आणि शंभुप्रसाद लक्ष्मीलाल हे त्याचे सदस्य होते. १८७६ मध्ये त्याचा अहवाल आला. गुन्हा कोणी केला, हे शोधण्याचे काम पोलिसांचे होते. आयोगाने गुन्हा का झाला, हे शोधले. मुदतीच्या कायद्याने खतांची साखळी कशी वाढविली, एकतर्फी हुकूमनाम्यांनी काय केले, सावकाराला न्यायालयाचे बळ कसे मिळाले, हे सारे सरकारनेच नेमलेल्या माणसांनी लिहिले. सारावाढीची जबाबदारी सरकारवर फारशी येऊ नये याची काळजी त्या वादात घेतली गेली, ही टीका तेव्हापासून आजवर होत आली आहे आणि ती खोटी नाही. तरीही कायदा आणि गुन्ह्याची कारणमीमांसा एकाच टेबलावर ठेवून वाचण्याचा हा मराठी मुलखातील पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होता.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. न्यायाधीशाने केवळ खत पाहून निकाल देऊ नये. खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्या रुपयापासून हिशेब करावा, हे बंधन या कायद्याने घातले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. खतांची नोंदणी करणारे ग्रामनिबंधक नेमले गेले, तडजोड घडविणारे मध्यस्थ आले, मुदत वाढविली गेली. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण झाले. महादेव गोविंद रानडे यांनी १८८१ पासून या खात्यात काम केले आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर जाईपर्यंतची काही वर्षे ते स्वतः विशेष न्यायाधीश होते. गावोगाव फिरून न्यायालयांचे दप्तर तपासणारे न्यायमूर्ती त्या पिढीने पाहिले.

कायद्याने सर्व काही सुरळीत झाले नाही. सावकारांनी नव्या वाटा शोधल्या. गहाणाऐवजी खरेदीखतच करून घेण्याची पद्धत वाढली. कागदावर विक्री, तोंडी वचन मात्र पैसे फेडल्यास जमीन परत करण्याचे. डोंगरातल्या अशिक्षित माणसाला पहिल्या रुपयापासूनचा हिशेब मांडता आला तरच न्यायाधीश तो तपासणार, ही अडचण होतीच.

कायदा होण्याच्या वर्षीच आणखी एक बंड झाले. वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि कोळी साथीदारांसह फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला दरोडा घातला. जुलै १८७९ मध्ये त्यांना विजापूरकडील मुलखात पकडण्यात आले. पकडणारा अधिकारी तोच मेजर डॅनियल होता. फडके यांच्यावरचा खटला पुण्यात गाजला, त्यांना जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. फडके शिकलेले, सरकारी नोकरीतले. त्यांनी रोजनिशी आणि आत्मवृत्त लिहिले, त्यामुळे त्यांचा हेतू त्यांच्याच शब्दांत शिल्लक राहिला. जांभोरीच्या माणसाला अक्षर नव्हते. त्यांची बाजू समाजाच्या आठवणीत राहिली आणि विरुद्ध बाजू सरकारी दप्तरात. बंडखोराला देशभक्त ठरविण्यात लेखणीचा वाटा किती असतो, हे डॅनियलच्या या दोन अटका शेजारी ठेवल्या की ध्यानात येते.

घोडेगावचे दप्तर

होनाजींच्या काळी आंबेगाव हा खेड तालुक्याचा पोटभाग होता. पुढे तो स्वतंत्र तालुका झाला. त्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावातच आहे.

आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न स्वतंत्र महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढेही आला. १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम घालण्यात आले. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावे होऊ नये, अशी तरतूद त्याने केली. त्याच वर्षी गेलेल्या जमिनी परत मिळवून देणारा वेगळा कायदाही झाला. सावकारीवर नियंत्रण ठेवणारा १९४६ चा मुंबई कायदा २०१४ मध्ये नव्या कायद्याने बदलला; विनापरवाना सावकारी हा त्यान्वये गुन्हा आहे आणि बेकायदा सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधकास देता येतो. व्यवहाराच्या कागदामागे जाऊन तो खरा कशाचा आहे हे पाहण्याचा अधिकार, १८७९ मध्ये दिवाणी न्यायाधीशाला दिला गेला होता तसाच, येथे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याला मिळाला आहे. अर्जदाराने मात्र अर्ज करावा लागतो, आणि तोही ठरलेल्या मुदतीत.